बाळंतपणाला सात आठवडे झाले, घड्याळातला एचआरव्ही ५२ वरून २१ वर आलाय

यावलची लेक:
सध्या माहेरी आहे. मुलगी सात आठवड्यांची, डिलिव्हरी नॉर्मल. दिवस राहायच्या आधीपासून स्मार्ट घड्याळ वापरते. तेव्हा एचआरव्ही, म्हणजे ठोक्यांमधल्या फरकाचा आकडा, ५२ च्या आसपास असायचा, आता २१. झोपेतले ठोके ६२ चे ७६ झालेत. काल रात्री दीडला पाजलं, सव्वातीनला पाजलं, पावणेपाचला पुन्हा. मधल्या वेळात ती झोपते, मी मात्र कुलरच्या घरघरीत तिचा श्वास ऐकत पडून राहते. सकाळी बाळाच्या आधी घड्याळाकडे हात जातो आणि आकडा बघून छातीत धडधडतं. आई म्हणते, "ते घड्याय काढी ठेव आन झोप." माझं हृदय कमजोर झालंय का? कोणाला असं झालंय?

धुळ्याची आई:
ताई, माझ्या वेळी घड्याळ नव्हतं, धडधड मात्र हीच होती. सासूबाई रात्रीचं पहिलं पाजणं झालं की मुलाला उचलून ओसरीत न्यायच्या. "तू झोप माय, मी धरस पोऱ्याले." पुढच्या पाजण्यापर्यंत मला सलग तीन तास मिळायचे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर सगळं खाल्लं, पण मी उभी राहिले ती त्या तीन तासांवर. आणि दुपारी बाळ बघायला येणाऱ्या बायकांना थोडं थांबवा. बाळंतिणीची निम्मी झोप तिथेच जाते.

सिस्टर, जळगाव जिल्हा:
एचआरव्ही म्हणजे दोन ठोक्यांमधल्या वेळात होणारा मिलिसेकंदांचा फरक. श्वास घेताना ठोके जरा जलद पडतात, सोडताना सावकाश. शरीर निवांत असलं की हा फरक वाढतो, झोप तुटली किंवा ताण आला की कमी होतो. त्यामुळे एवढ्या आकड्यावरून हृदय कमजोर म्हणता येत नाही. घड्याळ तर कातडीवर उजेड टाकून अंदाज घेतं, हात हलला तरी चुकतं. दुसरीच्या आकड्याशी तुलना नको, स्वतःची आठवड्याची सरासरी बघा.

पण ठोके वाढलेत, ते सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासा. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत काहींचं थायरॉइड बिघडतं, तेव्हाही अशीच धडधड होते आणि झोप उडते. लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस रोज घ्यायची असते, चहासोबत नको. आडवं पडल्यावर दम लागला, पाय सुजले किंवा छातीत दुखलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एक विचारते, राग मानू नका. बाळ झोपलं असतानाही झोप येत नाही, असं किती दिवस चाललंय? रडू येतं का? बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला एडिनबर्गची १० प्रश्नांची चाचणी आहे, डॉक्टरांकडे मागून घ्या. मन फारच घाबरलं तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, रात्रीही लागतो.

यावलची लेक:
सिस्टर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून रडले. बारा दिवस झालेत. आज तालुक्याला जाऊन आले. हिमोग्लोबिन ९.४, कमीच आहे. गोळ्या मी महिनाभरापूर्वीच बंद केल्या होत्या, पोट दुखायचं म्हणून. आता जेवणानंतर घ्यायला सांगितल्यात. दहा प्रश्नही भरले, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. काल आईने दहाला मुलीला स्वतःच्या खोलीत नेलं, मी सव्वाएकपर्यंत झोपले. बाबा दुपारी दारात खुर्ची टाकून बसतात आणि येईल त्याला पाचनंतर यायला सांगतात. टीएसएच सोमवारी येईल, आला की इथे लिहिते.