मुलगा २६ महिन्यांचा झाला, अजून सहाच शब्द. थांबू की दाखवू?

अबोली:
नमस्कार. आम्ही मूळचे साताऱ्याचे, गेली पाच वर्षं बंगळूरला, व्हाइटफील्डमध्ये राहतो. मुलगा २६ महिन्यांचा आहे. त्याचे शब्द मी फ्रिजवर कागद लावून लिहून ठेवते. आई, बाबा, मम म्हणजे पाणी, भू म्हणजे कुत्रा, टाटा, दे. एवढेच. दिवाळीत पाच होते, त्यानंतर फक्त "दे" आला. दोन शब्द जोडून एकदाही बोललेला नाही.

घरात आम्ही दोघं मराठी बोलतो. त्याला सांभाळायला येणाऱ्या अक्का कन्नड बोलतात, खाली बागेत सगळं हिंदी, आणि प्लेस्कूलमध्ये इंग्रजी. तिथल्या मॅडमनी परवा बोलावून सांगितलं की चार भाषांमुळे तो गोंधळलाय, घरी फक्त इंग्रजी बोला. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलतानाच अडखळते. "ये रे माझ्या सोन्या" तोंडाशी येतं आणि मी गप्प बसते. त्याला अंघोळ घालताना मी आयुष्यात कधी इंग्रजी बोललेली नाही, काय बोलू तेच सुचत नाही.

सासूबाई म्हणतात, याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. पण रोज फोनवर पहिला प्रश्न तोच, "आज काय म्हणाला?" माझी आई वेखंड उगाळून चाटव म्हणते. लसीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, मुलगे उशिरा बोलतात, बघू अजून सहा महिने.

ऐकू येत असावं. जन्मल्यावर कानाची तपासणी पास झाली होती, आणि मोबाइलवर त्याचं गाणं लागलं की आतल्या खोलीतून पळत येतो. हो, जेवताना मोबाइल देते, लपवत नाही. त्याशिवाय घास जात नाही. "चप्पल आण" म्हणून बोट दाखवलं की आणतो. हवं ते माझं बोट धरून ओढत नेऊन दाखवतो. कधी कधी मागून हाक मारली तर मात्र ढिम्म हलत नाही. नवरा म्हणतो, खेळात गुंगलाय.

रात्री झोप लागत नाही. मराठी बंद करू का? आणि थांबू की कुठे दाखवू?

रानजाई:
अगं, पहिल्यांदा कान. बाकी सगळं नंतर. माझ्या लेकीच्या वेळी मी अगदी हेच लिहिलं असतं, जन्मल्यावरची तपासणी पास, मोबाइलचं गाणं ऐकू येतं, सगळं सगळं. जन्माच्या वेळची चाचणी त्या दिवसापुरती खरी असते. पाळणाघरात जायला लागल्यापासून तिला दर पंधरा दिवसांनी सर्दी व्हायची, आणि त्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहिलं होतं. ना ताप, ना दुखणं, ना कान वाहणं. म्हणून आम्हाला कळलंच नाही.

यात मूल ठार बहिरं नसतं. कानात बोटं घालून बस आणि कुणाला तरी तुझ्याशी बोलायला सांग. दार आपटलेलं कळतं, मोठ्याने लावलेलं गाणं कळतं, पण "पाटी" आणि "काठी" यात फरक कळत नाही. ती आमच्या तोंडाकडे बघून, हातवारे बघून अंदाज बांधायची. तुझं ते "बोट दाखवलं की आणतो" वाचलं आणि पोटात गोळा आला.

तपासणी अगदी सोपी आहे. कानात मऊ बुच बसवून हवेचा हलका दाब देतात, मिनिटभरात कागदावर आलेख येतो. निरोगी कानाचा आलेख डोंगरासारखा वर जातो, तिचा दोन्ही कानांचा सपाट रेघ आला. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. डॉक्टरांनी तीन महिने वाट बघितली, कारण पुष्कळ मुलांचं पाणी तेवढ्यात आपोआप ओसरतं. तिचं ओसरलं नाही. नाकामागच्या गाठीही वाढल्या होत्या, त्या काढल्या आणि पडद्यात ग्रॉमेट नावाच्या बारीक नळ्या बसवल्या. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. अडीच वर्षांची होती. त्याआधी कितीदा तरी ती त्या कुकरशेजारी खेळत बसली होती.

एक सांग, तो झोपेत तोंड उघडं ठेवतो का? घोरतो का?

दोन_पिल्लांचा_बाबा:
ताई, मी जरा वेगळं विचारतो, घाबरू नका. तो तुमचं बोट धरून फ्रिजकडे नेतो, ते हवं असलेलं मागण्यासाठी. पण नुसतं दाखवण्यासाठी कधी बोट करतो का? म्हणजे गच्चीतून विमान दिसलं, तर आधी विमानाकडे आणि मग तुमच्या तोंडाकडे बघतो का, "तूही बघ" अशा अर्थाने?

आमच्या थोरल्याने ते कधीच केलं नाही. आम्हाला तो शांत, समंजस वाटायचा. तीन वर्षांचा झाल्यावर ऑटिझम असल्याचं कळलं. "बघू अजून सहा महिने" आम्हालाही दोनदा सांगितलं गेलं, आणि ते वर्ष मला आजही सलतं. आज तो सात वर्षांचा आहे, बोलतो, चित्रं सुंदर काढतो. पण ते एक वर्ष आधी मिळालं असतं तर, हा विचार जात नाही. तुमचा मुलगा तसा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट म्हणून वीस प्रश्नांची यादी असते, ती बालविकासतज्ज्ञांकडे भरून घ्या. मन तरी मोकळं होईल.

तुम्ही बंगळूरला आहात म्हणून सांगतो, मैसूरला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग आहे, १९६५ पासूनची सरकारी संस्था. कान, वाचा, दोन्हींची तपासणी एकाच आवारात होते. मुंबईकरांसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे. आणि गावाकडून कुणी वाचत असेल तर, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी, केंद्रं आहेत, बहुधा जिल्हा रुग्णालयातच. तिथे तपासणी मोफत होते. आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

कृष्णाकाठ:
पोरी, मी एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. मराठी बंद करू नकोस. मूल भाषा जास्त झाल्या म्हणून मुकं राहत नाही. आमच्याकडे कर्नाटकातून ऊसतोडीला आलेल्यांची लेकरं यायची, घरी कानडी, आमच्यात मराठी. दोन्ही चुरूचुरू बोलायची. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोज. दोन वर्षांच्या मुलाला पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडी यायला हवी, म्हणून तुझी काळजी वाजवी आहे. सहा म्हणजे फार कमी.

वेखंड नको. उगाळून दिलेल्या वेखंडाने लेकरं भडाभडा ओकलेली मी पाहिली आहेत. पोपटाने उष्टावलेला पेरूही कुणी आणून देईल, त्याला नुसतं हो म्हण.

दुसरं, "म्हण रे, म्हण रे" बंद कर. त्याने मूल तोंड मिटून घेतं. तू जे करतेस ते बोलत राहा. कणीक मळताना त्याला समोर बसव, गोळा हातात दे. "पाणी घातलं. चिकट झालं. आता गोल गोल." एवढंच, पण तोंडासमोर बसून. जेवताना मोबाइल असला की तुझं तोंड त्याला दिसत नाही गं, एवढाच माझा त्यावर राग आहे. चार दिवस रडेल, कमी जेवेल. जेवू दे कमी.

अबोली:
सगळ्यांचे उत्तर दोनदा वाचले. रानजाई, तोंड उघडं ठेवूनच झोपतो, आणि घोरतोही. मी सर्दीचं समजत होते. बाबा, विमानाचं मी काल मुद्दाम बघितलं. बोट केलं, माझ्याकडे वळून बघितलं, हसला. मी तिथेच खाली बसले.

रात्री तो स्टीलचे डबे एकात एक घालत होता. मी मागे उभी राहून हळू आवाजात त्याच्या आवडीचं "चल, भूर जाऊ" म्हटलं. काही नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही. मग चमचा टाकला, तो खाडकन वळला. नवरा दारात उभा होता, तो काही बोलला नाही, फोन घेऊन वेळ घ्यायला लागला.

अजून एक. काकूंचं वाचून मी अक्कांना विचारलं, तुमच्याशी काय बोलतो? त्या म्हणाल्या, "बेकु" म्हणतो, "बा" म्हणतो. बेकु म्हणजे कन्नडमध्ये हवं, आणि बा म्हणजे ये. मी इतके दिवस त्याला अर्धवट बाबा समजत होते. कागदावर आठ झाले.

अबोली:
तीन आठवड्यांनी लिहितेय. दोन्ही कानांचा आलेख सपाट. घशाचा एक्स-रे काढला, नाकामागच्या गाठी मोठ्या आहेत. नाकात मारायचा फवारा दिलाय, तीन महिन्यांनी पुन्हा आलेख काढणार, तोवर वाचा-उपचार आठवड्यातून दोनदा. थेरपिस्ट तमिळ आहेत, त्याही म्हणाल्या, घरी मराठीच बोला, तुम्हाला जी मनापासून येते ती. प्लेस्कूलच्या मॅडमना मी तसं लिहून कळवलं, आणि त्याला पुढच्या रांगेत, समोर बसवा म्हणून विनंती केली.

मोबाइल सुटायला सहा दिवस लागले, तिसरा फार वाईट गेला. आता ओट्याखाली पाट टाकून दोघं बसतो. काल मी लाटत असताना तो माझ्या ओठांकडे बघत होता, पिठाचा हात माझ्या गालाला लावला आणि म्हणाला, "पोई." तव्यावरची करपली.

रानजाई, नळ्या घालायची वेळ आलीच तर अंघोळीच्या वेळी कान कसे जपलेस? आणि भूल देताना तू आत होतीस का?