‘सूर’ की ‘बुडी’? पाणचिचुंद्री आणि शेंडी बदक

प्रश्न : ‘पाणचिचुंद्री आणि शेंडी बदक हे दोन्ही प्राणी अन्नासाठी पाण्यात सूर मारतात’ असे वाक्य वाचनात आले. येथे ‘सूर मारणे’ योग्य आहे काय? तसेच पाणचिचुंद्रीला ‘पाण्यातला उंदीर’ म्हटले तर चालेल काय?

उत्तर : ‘सूर मारणे’ या प्रयोगात उंचावरून झेप घेणे गृहीत असते, म्हणून फांदीवरून माशावर झेपावणाऱ्या खंड्याला तो शोभतो. शेंडी बदक पाण्यावर तरंगत असतानाच पिसे अंगाशी चापून घेते, किंचित पुढे उसळते आणि डोक्याकडून खाली जाते. याला ‘बुडी मारणे’ हाच नेमका शब्द आहे. पाणचिचुंद्रीलाही तोच लावावा.

नुसते ‘बुडणे’ मात्र टाळावे, कारण त्यात इच्छेविरुद्ध घडण्याचा अर्थ येतो. शिवाय बुडणे हेच तर या दोघांना जड जाते. पाणचिचुंद्रीच्या दाट केसांत हवा अडकून राहते, त्यामुळे पाण्याखाली ती चंदेरी दिसते खरी, पण पाय मारणे थांबताच बुचासारखी वर येते. मागच्या पायांना ताठ केसांची झालर आणि शेपटीखाली तशाच केसांची पट्टी, एवढ्या सामग्रीवर जेमतेम १२ ते १८ ग्रॅम वजनाचा हा जीव काही सेकंदांची बुडी मारतो. बाहेर आल्यावर तो अरुंद बिळातून अंग घासत जातो आणि केसांतले पाणी निपटून काढतो. बदकाचे वजन याच्या कितीतरी पट, बहुधा अर्ध्या किलोहून अधिकच, त्यामुळे त्याची बुडी अधिक खोल आणि लांबते. तळाचे शिंपले व गोगलगायी हे त्याचे मुख्य खाद्य.

प्रतिसाद : उत्तराशी सहमत आहे, फक्त ‘डुबकी’ या शब्दाचा विचार राहिला. तो चुकीचा नाही, परंतु त्यात स्नानाची किंवा क्षणभर डोके बुडवून वर येण्याची छटा असल्याने तळाशी जाऊन भक्ष्य शोधणाऱ्या प्राण्यांसाठी मी ‘बुडी’च पसंत करेन. ‘पाण्यातला उंदीर’ मात्र सरळ चूक आहे. उंदीर कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला असतो, तर चिचुंद्री कीटक, अळ्या आणि प्रसंगी बेडूकही खाणारी, वेगळ्या गणातली. पाणचिचुंद्रीची तर लाळही विषारी असते. पाणकोंबडी, पाणमांजर यांच्या धर्तीवर ‘पाणचिचुंद्री’ हा समास सहज बसतो, तेव्हा तोच ठेवावा.