मदत हवी आहे: पहिली ड्रिफ्ट डायव्ह आणि हळू मोकळे होणारे कान

नमस्कार मंडळी,

ओपन वॉटर कोर्स झाला आहे आणि त्यानंतरच्या डायव्ह सगळ्या शांत पाण्यात केल्या. आता पहिल्यांदाच ड्रिफ्ट डायव्ह, म्हणजे करंटबरोबर (प्रवाहाबरोबर) वाहत जायची डायव्ह, ठरली आहे. भिंतीसारखा रीफ (पाण्याखालचा खडक) आहे, कमाल खोली १८ मीटर, म्हणजे माझ्या सर्टिफिकेटच्या मर्यादेत. बोट नांगर टाकत नाही, बुडबुड्यांवर आणि बॉयावर (डायव्हरने खालून दोरीला बांधून वर सोडलेल्या तरंगत्या खुणेवर) नजर ठेवून मागोमाग येते. पाय न मारता रीफ डोळ्यांसमोरून सरकत जातो, हे ऐकूनच मी हरखून गेले आहे.

अडचण आहे ती कानांची. खाली जाताना दाब वाढतो तेव्हा माझा डावा कान फार हळू मोकळा होतो. नांगराचा दोर धरायचा, पाय खाली ठेवायचे, अर्ध्या-अर्ध्या मीटरला थांबायचं, अडलं तर जरा वर येऊन पुन्हा खाली. असं केलं की नीट जमतं. ड्रिफ्टमध्ये दोरच नसणार. त्यात बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) रिकामी करून उडी मारायची आणि पृष्ठभागावर न थांबता थेट खाली जायचं, असं वाचलं. एक नॉटचा करंट म्हणजे मिनिटाला साधारण ३० मीटर. मी वरच दोन मिनिटं कानाशी झगडत राहिले तर गटापासून ६० मीटर मागे पडणार का? हे गाइडला आधी सांगावं की उगाच बाऊ वाटेल? आणि बॉय स्वतः सोडायची वेळ आली तर काय सांभाळायचं?

प्रतिसाद १

सांगाच, आणि तेही ब्रीफिंगच्या वेळी, सगळ्यांसमोर. यात बाऊ काहीच नाही. कोणाचे कान हळू आहेत ते माहीत असलं की गाइड त्या जोडीला आधी उतरवू शकतो किंवा अख्ख्या गटाला ५ मीटरवर एकत्र थांबवू शकतो.

६० मीटरचा हिशोब मात्र इथे लागू होत नाही. सगळे एकदम उतरलात तर करंट सगळ्यांनाच नेतो. अंतर पडतं ते उड्या मागेपुढे झाल्या तर, किंवा वरचं आणि खालचं पाणी वेगवेगळ्या वेगाने जात असेल तर. तळाजवळ घर्षणामुळे प्रवाह बहुधा मंद असतो, त्यामुळे वर अडकलेली व्यक्ती मागे पडत नाही, उलट पुढे निघून जाते. बडीने (तुमच्या जोडीदाराने) तुमच्याच खोलीवर राहायचं ते यासाठी. तुम्ही ४ मीटरवर थांबलात की त्यानेही तिथेच थांबायचं, हे बोटीवर स्पष्ट ठरवून घ्या.

रिकाम्या बीसीडीची उडी ही जोरदार करंटसाठी आहे. सौम्य करंटमध्ये बीसीडीत हवा ठेवून उडी मारता येते, वर जमून सगळे मिळून खाली जाता येतं. पहिल्या वेळी तसंच मागा. "इथे त्याशिवाय चालत नाही" असं उत्तर आलं, तर पहिल्या ड्रिफ्टसाठी ती जागा तुमची नाही. माझं हे मत पक्कं आहे.

कान बोटीवरच एकदा मोकळे करा, मग पाण्यात पहिल्या मीटरपासून, दुखायची वाट न बघता. नाहीच जमलं तर पंजा आडवा हलवून कानाकडे बोट दाखवा आणि बडीबरोबर वर या. जोर लावून खाली गेलात तर पडद्याला किंवा आतल्या कानाला इजा होऊ शकते. सर्दी असेल तर डायव्ह रद्द. नाक मोकळं करणाऱ्या गोळीच्या भरवशावर तर मुळीच जाऊ नका, तिचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना कान अडतो.

प्रतिसाद २

बॉयाबद्दल: दोरी कधीही स्वतःच्या बीसीडीला अडकवून बॉय सोडू नका. ती गुंतली तर बॉय तुम्हाला घेऊनच वर जाईल. गुंतली की हातातून सोडून द्या, बॉय गेला तर जाऊ दे. सोडण्याआधी वर कोणी किंवा बोट नाही ना, ते बघा. मग ५ मीटरवर ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधीचा थांबा), दोरी ताणलेली ठेवून.

बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधा, मग सावकाश वर या. त्यानेही तेच करायचं. करंटविरुद्ध पोहत शोधू नका, हवा संपेल आणि हाती काही लागणार नाही.

भिंतीवर आणखी एक लक्षात ठेवा. बुडबुडे वर न जाता खाली ओढले जाताना दिसले, तर भिंतीपासून बाहेर, मोकळ्या पाण्याकडे तिरपं पोहा. बीसीडीत हवा भरावी लागली तर खाली ओढणाऱ्या प्रवाहाची पकड सुटताच ती हवा काढायची तयारी ठेवा.

तारीख तुमच्या हातात असेल तर उधाण टाळा. जिथे करंट भरती-ओहोटीचा असतो, तिथे अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, तो बहुतेक वेळा नरम असतो.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. वर अडकले तर मी पुढे जाईन, हे डोक्यातच आलं नव्हतं. बडीला हा धागा दाखवला, माझ्या खोलीवर थांबायचं त्याने कबूल केलं आहे. गाइडला आजच कळवते. एकच राहिलं: बॉयाची दोरी गुंडाळायला रील (मुठीची फिरकी) घेऊ की स्पूल (साधं रीळ)?

प्रतिसाद २

१८ मीटरसाठी स्पूल. त्यात अडकणारा भाग जवळजवळ नसतो. आधी तरणतलावात, तरंगण्यावर ताबा ठेवून, हातांकडे न बघता बॉय सोडता येईपर्यंत सराव करा.