केमिस्ट्रीवाल्याने एलएलबी करून पर्यावरणाच्या केसेस लढायच्या म्हटल्या तर पोट भरतं का?

ट्रॉम्बेचा_पोरगा
नमस्कार मंडळी. वय २९, बीएस्सी केमिस्ट्री, पाच वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये पाण्याची सॅम्पलं तपासतोय. घर कोळीवाड्यात, बाबांची होडी होती पण खाडीत जाळं टाकलं की म्हावऱ्यापेक्षा प्लास्टिकच जास्त यायला लागलं तशी विकून टाकली. मी रोज बीओडी सीओडीचे, म्हणजे पाणी किती घाण आहे त्याचे, आकडे लिहितो, सही करतो, पुढे त्या कागदाचं काय होतं देव जाणे. म्हणून ३ वर्षांचं एलएलबी करायचं डोक्यात आलंय. आई म्हणते शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये आणि तू तर तिथे बिऱ्हाड थाटायला निघालास. नोकरी सांभाळून जमेल का आणि या केसेसमध्ये पैसा आहे का, खरं सांगा.

काळा_कोट_फोर्ट
खरं सांगू का, निव्वळ पर्यावरणावर घर चालवणारे वकील मुंबईत बोटावर मोजण्याइतके. मी सोसायटीची भांडणं, डीम्ड कन्व्हेयन्स, चेक बाउन्स करतो आणि त्यावर कोळीवाड्याच्या दोन-तीन मॅटर चालवतो, बहुतेकांचं असंच. सीईटीला, म्हणजे लॉच्या प्रवेश परीक्षेला, वयाची अट नाही, ते टेन्शन सोड, पण हजेरी ७०% लागते आणि कॉलेज दिवसाचं, त्यामुळे लॅबच्या शिफ्टचं बघ. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाली की फुल टाइम पगारी नोकरी ठेवता येत नाही हेही आईला आताच सांगून टाक. ज्युनिअरला शहरात महिना २०,००० द्यावेत असं बार कौन्सिलने २०२४ मध्ये सुचवलं खरं, पण ती सूचना आहे, सिनियर हसतात.

आता तुझ्या कामाचं. वॉटर अ‍ॅक्टचं कलम २१ वाच, आजच वाच. प्रदूषण नियंत्रण बोर्डाने सॅम्पल घेताना कंपनीवाल्याला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर सॅम्पलचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद आणि दोघांच्या सह्या, तरच तो रिपोर्ट कोर्टात पुरावा म्हणून चालतो. समोरचा वकील पाणी काळं होतं की निळं यावर बोलतच नाही रे, तो विचारतो बाटली कोणी उघडली, लॅबला पोचायला किती तास लागले, बर्फात होती का. आम्हाला बीओडी २७ डिग्रीला ३ दिवस ठेवतात हे पाठ करावं लागतं, तुझ्या हाताला ते आहे. हजार रुपये देऊन एक्स्पर्टला विचारायची वेळ तुझ्यावर येणार नाही.

माहुल_रिटर्न
भाऊ मी वकील नाही, मी पक्षकार. तानसा पाइपलाइनवरून घर तुटलं आणि आम्हाला माहुलला टाकलं, खिडकी उघडली की रिफायनरी. त्या भागातल्या हवेबद्दल ग्रीन ट्रिब्युनलचा, म्हणजे पर्यावरणाच्या खास कोर्टाचा, आदेश २०१५ च्या डिसेंबरमध्येच आला होता, तरी माणसं तिथेच पाठवली. म्हणजे झाडं वाचवणारे वेगळे आणि धूर कोणाच्या नाकात सोडायचा हे विचारणारे वेगळे, तुला काय करायचंय ते आधी ठरव. २०१९ ला हायकोर्टाने महिना १५,००० भाडं द्यायला सांगितलं तेव्हा आमच्या बाजूने फाइलमध्ये काय होतं माहितीय? दवाखान्याच्या चिठ्ठ्या. बायकांनी घराघरातून पिशव्यांत भरून आणलेल्या, अर्ध्या पावसाने भिजलेल्या, त्या तारखेप्रमाणे लावायला एक वकीलबाई रात्री दहापर्यंत आमच्या जिन्यात बसायच्या. आमच्याकडून फी म्हणून चहा.

मुलुंडकर७
हे सगळं ऐकायला छान पण निकाल लागेपर्यंत पूल बांधून होतो. कोस्टल रोडचंच बघा, जुलै २०१९ ला हायकोर्टाने सीआरझेड म्हणजे किनारपट्टीच्या नियमांखालची मंजुरी रद्द केली, डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने त्याला स्टे दिला, आज गाड्या पळतायत. त्यापेक्षा कंपनीत एन्व्हायर्न्मेंट कंप्लायन्सला जा, पगार वेळेवर.

काळा_कोट_फोर्ट
@मुलुंडकर७ पन्नास टक्के मान्य. पण २०१८ चा खारफुटीचा निकाल बघ, त्यामुळे आजही सरकारी प्रकल्पाला कांदळवन तोडायचं तर हायकोर्टात येऊन परवानगी मागावी लागते. मिळते बऱ्याचदा, पण मागावी लागते आणि तिथे आमचा माणूस उभा राहून विचारू शकतो.

@पोरगा अजून एक, या धंद्यात हरायला कायदा लागत नाही, कॅलेंडर पुरतं. पर्यावरण मंजुरीविरुद्ध ट्रिब्युनलला अपील ३० दिवसांत, सबळ कारण दाखवलं तर वर ६०, त्यानंतर देव आला तरी नाही. लोक माझ्याकडे येतात तेव्हा भराव पडून वर्ष झालेलं असतं. पश्चिम विभागाचं बेंच पुण्याला, पूर्वी पहाटेची इंद्रायणी पकडायचो, आता बरंचसं व्हिडिओ कॉलवर होतं तेवढं सुख. प्रवेश घ्यायच्या आधी एखाद्या प्रकल्पाच्या जनसुनावणीला जाऊन बस, फुकट असते. ईआयएचा, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा, सारांश मराठीत द्यावाच लागतो, तो वाच आणि पाण्याच्या तक्त्यात काय गडबड आहे ते शोध. नाही सापडली तर मला मेसेज कर, सापडली तर नक्कीच कर.

ट्रॉम्बेचा_पोरगा
सगळ्यांचे आभार. कलम २१ दुपारी वाचलं. मग फ्रीज उघडून आज आलेलं सॅम्पल बघितलं, खाजगीच आहे म्हणा, पण बाटलीवर स्केचपेनने फक्त "नाला २" लिहिलंय. ना वेळ ना सही.

काळा_कोट_फोर्ट
फोटो टाकू नकोस बाबा इथे. आणि सीईटीचा फॉर्म कधी निघतो त्यावर लक्ष ठेव.