कॉपी-संरक्षणाचा जाच आणि आपली बाजू

'कंपन्या प्रामाणिक ग्राहकालाच छळतात, मग क्रॅक (सॉफ्टवेअरची नक्कल रोखणारं कुलूप तोडणारी फाइल) वापरला तर काय बिघडलं?' या म्हणण्यातला पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीमधून नक्कल रोखण्याच्या नावाखाली लोकांच्या संगणकात न सांगता रूटकिट, म्हणजे संगणकात खोलवर लपून बसणारा प्रोग्राम, शिरलं. त्याच्या आडोशाला इतर घातक प्रोग्राम लपू लागले आणि शेवटी सीडी परत मागवाव्या लागल्या. फटका बसला तो विकत घेणाऱ्यांना! अ‍ॅक्टिव्हेशनचा, म्हणजे सॉफ्टवेअर विकत घेतलंय का ते इंटरनेटवरून तपासणारा, सर्व्हर कंपनीने बंद केला, की पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअरही नव्या संगणकावर चालत नाही, हाही उघड अन्याय आहे.

दुसरा अर्धा भाग मात्र पटत नाही. क्रॅक चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि कोणी बनवली हे ठाऊक नसलेल्या फाइलला आपण संगणकाचे सगळे अधिकार देऊन बसतो. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम याच वाटेने आत येतात. आणि दोघातिघांनी मिळून लिहिलेल्या छोट्या सॉफ्टवेअरचं काय? त्यांनी तर कुणाला छळलेलं नसतं, तरी क्रॅक त्यांचाही निघतो.

परवडत नसेल तर लिब्रेऑफिस (ऑफिसच्या कामासाठी), गिम्प (फोटोंसाठी), इंकस्केप (चित्रांसाठी) ही मोफत सॉफ्टवेअर आहेतच. विकत घ्यायचं असेल तर आधी विचारा: इंटरनेटशिवाय चालेल का, किती संगणकांवर टाकता येईल, कंपनी बंद पडली तर पुढे काय? धड उत्तर आलं नाही तर घेऊ नका, आणि का घेतलं नाही ते त्यांना लिहून कळवा.