आई, तिचं दुखणं आणि तिचा संसार : लेकरांचे अनुभव

आईला जाऊन येत्या श्रावणात तीन वर्षं होतील. भेटायला येणारे अजून म्हणतात, "बिचारीनं फार सोसलं." ऐकलं की मला राग येतो. बिचारी ती कधीच नव्हती. एकटीनं घर चालवलं आणि वर जन्माचं दुखणंही निभावलं, अशी आई तुमचीही असेल तर तिच्याबद्दल लिहा. ती दिवस कसा काढायची, ते लिहा. सुरुवात मी करते.

सांगली, गावभाग

वडील गेले तेव्हा आई ३१ वर्षांची. शिलाई मशीनवर तिनं आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. चाळिशीत साखर निघाली, पुढं इन्सुलिन लागलं, मग डोळ्यांचे पडदे खराब झाले. इन्सुलिनच्या पेनवरचे आकडे दिसेनात, तेव्हा ती पेन कानाशी धरून खटके मोजायला लागली. एक खटका म्हणजे एक युनिट. सोळा खटके होईपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. "आण, मी लावते" म्हटलं की म्हणायची, "तू सासरी गेल्यावर कोण लावणार?"

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचा तळमजला बुडाला, आई वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडं. वीज नाही, फ्रिज बंद. मी पुण्याहून फोन लावतेय, लागत नाही. चौथ्या दिवशी लागला, तर तीच मला धीर देते. माठात थोडं पाणी, त्यात स्टीलच्या डब्यात इन्सुलिन, वर ओलं फडकं. चालू पेन फ्रिजबाहेरही महिनाभर चालतं, हे तिनं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. आणि साखर एकदम उतरली तर असावा म्हणून पदराच्या गाठीत गुळाचा खडा.

सातारा

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वडिलांपासून वेगळी झाली ती मला घेऊन, पोवई नाक्याजवळच्या दोन खोल्यांत. काही वर्षांनी सकाळी हाताची बोटं उघडेनात. आमवात. साडेचारला उठून कोमट पाण्यात हात बुडवून बसायची. तासाभरानं मूठ वळली की कणीक मळायची आणि मेढ्याची एसटी पकडायची. खडू नीट धरवेना म्हणून त्याला जुन्या साडीची चिंधी गुंडाळायची. गोळी आठवड्यातून एकदाच, मंगळवारी. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात दर मंगळवारी लाल गोल.

आता माझी चूक सांगतो. ती निवृत्त झाल्यावर तिला न विचारता मी सगळ्या कामाला बाई लावली. तिसऱ्या दिवशी आईचा फोन. "बाई चांगली आहे रे, पण तिनं माझे डबे वरच्या फळीवर ठेवलेत. माझा हात पोचत नाही. आता चिमूटभर मिठाला मी तिची वाट बघायची का?" शनिवारी जाऊन सगळे डबे खाली लावले. बाई राहिली, पण फक्त धुण्याभांड्याला.

मिरज

आई हळदीच्या कामाला जायची. दमा होता. बायका म्हणायच्या, पंपाची सवय लागते, म्हणून ती आडोशाला जाऊन ओढायची. "कशाला सारखा ओढतीस," असं मीही म्हणालोय. पंपानं औषध थेट फुप्फुसात जातं, थोडक्यात भागतं, त्याची चटक लागत नाही, हे मला फार उशिरा कळलं. याच्यापुढं लिहवत नाही.

कराड

सांगलीच्या ताई, गुळाचा खडा वाचून थांबले. माझ्या आईचा तांब्या होता. किडन्या गेल्यावर आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला चार तास. तरी भाजीचा गाळा सोडला नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार दवाखाना, बाकीचे दिवस मंडई. पाणी मोजून प्यायचं, म्हणून सकाळीच दिवसाचं पाणी एका तांब्यात भरून ठेवायची. चहासुद्धा त्यातलाच. संध्याकाळी तळाशी दोन घोट उरले तर डोळे मिटून सावकाश प्यायची.

डाव्या हातात फिस्टुला होता, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. त्या हातानं पाटी उचलायची नाही, त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू द्यायची नाही. बांगड्या उजव्या हातात गेल्या. रात्री नातवाचा तळवा फिस्टुलावर ठेवायची, आत घुर्र घुर्र लागायचं. "चालू हाय बघ मशीन," म्हणायची.

एकदा पहाटे तिला ती घुरघुर लागेना. कुणाला न उठवता रिक्षा बोलावली आणि दवाखान्यात जाऊन सांगितलं, "हात गप झालाय." आत रक्ताची गाठ झाली होती. वेळेत गेली म्हणून फिस्टुला वाचला. आम्हाला कळलं ते तिचा फोन आल्यावर. "मला यायला उशीर हुईल. तेवढा गाळा उघड, वांगी कालच भरून ठेवलीत."