मदत हवी आहे: लेकीला गाडीत मांडीवर द्यायला नाही म्हणते म्हणून घरात वादावादी

लेक पावणेदोन वर्षांची आहे. कोणती कार सीट घ्यावी हा प्रश्न नाहीये, सीट घेतलीये, मागे आयसोफिक्सला (सीट अडकवायला गाडीतच दिलेल्या कड्यांना) लावलीये आणि अजून उलट तोंडाचीच ठेवलीये, म्हणजे तिचं तोंड मागच्या काचेकडे. प्रश्न घरच्यांचा आहे. आम्ही तिघंच असलो की ठीक चालतं पण साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) सोबत असले की गाडीत बसायच्या आधीच सुरू, "एवढ्याशा पोरीला बांधून काय ठेवतेस, दे इकडे मांडीवर." मग ते ठरलेलं वाक्य, "आमची तिन्ही मुलं मांडीवर बसूनच मोठी झाली, काय झालं त्यांना?" त्या तिघांपैकी एक माझा नवरा, तो स्टिअरिंगवर, आरशात बघत गप्प. त्याला कुणाचीच बाजू घ्यायची नसते.

बरं लेक पण साथ देत नाही. सीटमध्ये ठेवलं रे ठेवलं की पाठीची कमान करते, एक हात पट्ट्यातून घातला की दुसरा काढून घेते, आणि आजी शेजारी दिसली की सूर आणखी वर. साबांच्या डोळ्यात खरंच पाणी येतं हो. त्या मुद्दाम काही करत नाहीत हे मला कळतं, त्यांच्या लेखी मांडीइतकी सुरक्षित जागा नाही आणि मी तिथून नात ओढून प्लॅस्टिकच्या खुर्चीत कोंबते.

गंमत म्हणजे एरवी आमचं बरोबर उलटं असतं. साबा तिला जिन्याच्या आसपास फिरकू देत नाहीत, झोका जरा उंच गेला की ओरडतात, दोन शिंका आल्या की डॉक्टर. मी आपली पडूदे चढूदे, गुडघा फुटला तर फुटूदे वाली. आणि गाडीत बसलं की मी खडूस आणि त्या बिनधास्त! मला वाटतं जिन्यावरून पडलेलं मूल सगळ्यांनी बघितलेलं असतं, गाडीतून मात्र रोज बसतो आणि रोज सुखरूप उतरतो त्यामुळे भीड चेपते. नवरा म्हणतो तू एकच गोष्ट डोक्यात घेऊन बसलीयेस. असेलही.

तर एक म्हणजे त्यांना न दुखावता हे कसं सांगायचं, दुसरं म्हणजे सगळे म्हणतायत की आता सीट सरळ कर, पाय दुमडतात बिचारीचे, पुढचं दिसलं की रडायची थांबेल, तर करू का, आणि अगदी जवळ जायचं असेल तेव्हा एखाद्या वेळी मांडीवर दिलं तर चालेल का, म्हणजे घरात शांतता तरी राहील. कृपया अनुभव असेल तर लिहा, कायदा काय म्हणतो ते मला माहितीये.

खारूताई
शेवटच्या प्रश्नाचं आधी उत्तर, नाही. ताशी ५० किमीवर गाडी आदळली तर सगळं साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात आटपतं. तेवढ्यात १० किलोचं मूल हातात धरून ठेवायला दीडशे किलोच्या आसपास जोर लागतो. पहिलवानाला जमणार नाही, साबांचं सोडा. आणि साबांनी स्वतः बेल्ट लावला नसेल तर त्या मुलीला घेऊन समोर जातात, मूल त्यांच्या आणि समोरच्या सीटच्या मध्ये. काही लोक एकाच बेल्टमध्ये स्वतःला आणि मुलाला गुंडाळतात, ते तर त्याहून वाईट, मोठ्या माणसाचं सगळं वजन बेल्टवर त्या पोराला दाबतं. वेग दुप्पट झाला की आदळण्यातली ऊर्जा चौपट होते. अंतर किती कापायचंय याचा या गणितात कुठेच संबंध येत नाही.

आता दुसरं. सीट फिरवू नका. एवढ्या लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं आणि जड असतं आणि मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात, मधे कूर्चा असते. समोर तोंड असेल तर धडकेत धड पट्ट्याने मागे धरलं जातं आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं, सगळा ताण मानेवर. उलट बसवलं की डोकं, मान, पाठ एकदमच सीटच्या पाठीत दाबली जातात आणि धक्का वाटला जातो. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी ही कल्पना १९६४ च्या सुमाराला आणली, अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर टेकून कसे बसतात ते बघून. तिथे मुलं चार वर्षांची होईपर्यंत उलटी बसवतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली दोन वर्षांपर्यंत असं सांगितलं होतं, २०१८ मध्ये वयाची अटच काढली, आता म्हणतात सीटच्या लेबलवरची उंची-वजनाची मर्यादा होईपर्यंत. पाय दुमडतात त्याचं टेन्शन घेऊ नका, मुलं एरवीही मांडी घालून नाहीतर पाय वर करूनच बसतात.

उगाच_एक
मला हे सगळं जरा अतीच वाटतं. आम्ही मागच्या काचेखालच्या फळीवर झोपून प्रवास केलेत. आजकाल आईबाप मुलांना कापसात गुंडाळतात आणि मग म्हणतात मुलं धीट नाहीत.

खारूताई
@उगाच_एक, झाडावर चढून पडलं तर मूल काहीतरी शिकतं. धडकेतून काय शिकणार? त्यात त्याचा काही निर्णयच नसतो, समोरून कोण कसा चालवत येतोय त्यावर सगळं. धागाकर्ती मुलीला चढू देते, पडू देते म्हणतीये, तिला कापूसवाली कसं म्हणता येईल. आणि फळीवर झोपलेले सगळेच इथे प्रतिसाद द्यायला आलेले नसणार ना.

मागच्या_बाकावरून
खारूताईंना +१. साबांचा प्रश्न जुनाच आहे, सगळीकडे हेच झालंय. १९३० च्या दशकात मुलांच्या सीटा निघाल्या त्या सुरक्षेसाठी नव्हत्याच, मूल उंचावर बसावं, खिडकीतून बाहेर बघावं आणि चालवणाऱ्याच्या अंगावर येऊ नये एवढंच. अमेरिकेत टेनेसी राज्यात मुलांच्या सीटचा पहिला कायदा १ जानेवारी १९७८ ला लागू झाला, रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. आणि त्या कायद्यात सवलत काय ठेवली होती माहितीये? कुणा मोठ्याने मूल हातात धरलं असेल तर सीट नको! म्हणजे साबांचं म्हणणं तिथल्या विधिमंडळाने चक्क कायद्यात घातलं होतं. विरोधक त्याला मूल चिरडणारी दुरुस्ती म्हणायचे, १९८१ मध्ये ती काढली. १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांत कायदा झाला होता. लोक काही एका वर्षात बदलले नाहीत, तुमच्या घरी पण वेळ लागेल.

आजोबा_ऑनलाइन
मी तुझ्या साबुंच्या वयाचा आहे म्हणून लिहितो. "काय झालं त्यांना" असं आम्ही विचारतो तेव्हा आम्हाला पुरावा नको असतो ग, आपण आईबाप म्हणून हलगर्जी होतो असं सून म्हणतेय का एवढंच टोचत असतं. तेव्हा आकडे देऊ नकोस. तेव्हा अशा सीटा हाताशी नव्हत्या, असत्या तर तुम्हीच पहिल्या घेतल्या असत्या, एवढं एकदा म्हणून बघ. आणि दुसरं, आजीच्या हाताला काम दे. पट्टा तिलाच लावू दे, खांद्याच्या हाडाजवळ चिमटीत पकडायचा, चिमटीत घडी आली तर सैल आहे, आणखी ओढायचा, मग बोट घसरतं. आमच्याकडे सुनेने हिला हे शिकवलं, आता हीच मुलाला दटावते की जाड जॅकेट काढल्याशिवाय पट्टा लावू नकोस, आतून ढिला राहतो. आधी हिचाच विरोध जास्त होता.

आणि हो, आजीआजोबांना अगदीच मोडीत काढू नका. २०११ मध्ये पीडियाट्रिक्स या बालरोगांवरच्या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, आजीआजोबा गाडी चालवत असताना झालेल्या धडकांमध्ये नातवंडांना दुखापत व्हायचं प्रमाण आईबापांच्या मानाने निम्मं निघालं, सीट-पट्टे थोडे चुकीचे लावलेले असूनही. हा कागद साबुंना दाखव, खूष होतील, आणि मग म्हण की आता पट्टाही नीट लावला तर बघा.

धागाकर्ती
आजोबा, हे आवडलं, चिमटीचं काम साबांना आजच देते :) खारूताई, सीट फिरवत नाही मग. नवऱ्याला आख्खा धागा वाचायला दिलाय, तो म्हणाला जवळच्या जवळ मांडीवर नको हे मलाही पटतं, फक्त आईला तू सांग! म्हणजे पुन्हा मीच. रडण्याचं काय करू पण? आणि साबुंची गाडी जुनी आहे, आयसोफिक्स नाही, तिथे काय?

मागच्या_बाकावरून
नवरोबांना म्हणावं स्वतःच्या आईला स्वतः सांगा, सुनेने सांगितलं की त्याचा सासूसून विषय होतो. रडण्याचं म्हणाल तर एकदा मांडीवर आणि एकदा सीटमध्ये केलंत तर ती दर वेळी जोर लावून बघणार, कारण कधीतरी जमतं हे तिला कळलेलं असतं. पट्टा लागल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही हे आठवडाभर सगळ्यांनी पाळलं की बहुतेक मुलं नाद सोडतात. आजीला शेजारी बसवा, उलट सीटमधून तिला आजीचा चेहरा छान दिसतो, पुढे तोंड असतं तर आजीकडे बघायला मान वळवावी लागली असती.

जुन्या गाडीत बेल्टने बसवता येते का ते तुमच्या सीटच्या माहितीपुस्तकात बघा, सगळ्या आयसोफिक्स सीटा बेल्टवर चालत नाहीत. चालत असेल तर बाजूला रंगाच्या खुणा असतात, बहुतेक सीटांवर उलट तोंडासाठी निळी आणि सरळसाठी लाल, निळ्या खाचेतून बेल्ट ओवा, गुडघा सीटमध्ये दाबून बेल्ट ओढा आणि मग बेल्ट जातो तिथेच धरून हलवून बघा, इंचभरापेक्षा जास्त सरकली तर परत काढून लावा. साबु म्हणतील पुढे माझ्या शेजारी बसव, तर तिथे एअरबॅग असेल आणि बंद करता येत नसेल तर उलट सीट अजिबात नको. एअरबॅग फुगते ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे तिच्या डोक्यामागे आदळते.